उघडं राहिलेलं पातं

गेल्या सोमवारी मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतले नवे सर एक पार्सल फोडत बसले होते. खोक्यात खोकं, त्यात कागदाचा चुरा, आणि तळाशी कापडी पिशवीत एक घडीचा चाकू. शिसवी मूठ, दोन्ही टोकांना पितळ. सरांनी नखानं पातं उचललं. ते अर्ध्यावर जरा अडलं, मग पुढं जाऊन खट् करून बसलं. "मॅडम, धरून तरी बघा. हातानं घडवलेला आहे," असं म्हणत त्यांनी मूठ माझ्याकडे केली. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. सर ओशाळले. मीही ओशाळले. म्हटलं, "छान आहे हो. पण मुलांसमोर नको."

खिडकीबाहेर लोधिवलीची शेतं पिकून पिवळी झाली होती. शाळेमागच्या तुकड्यात कापणी सुरू होती, आणि वर्गात तो वास भरला होता. कापलेल्या भाताचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना सांगावं लागत नाही, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून कळत नाही. ओलसर, हिरवट, कोवळ्या दाण्यातल्या दुधासारखा. सकाळी दव, दुपारी अंगाची लाही, संध्याकाळी डोंगरामागे गडगडाट. वर्षातला सगळ्यात भरला काळ हा. लहानपणी मला तो दिवाळीपेक्षा आवडायचा. आता हा वास आला की त्याच्या पाठोपाठ खट् असा आवाज येईल म्हणून मी कान देऊन बसते. त्या सोमवारी तर तो खरोखरच आला.

हल्ली हे चाकूंचं वेड कुठं कुठं पोचलंय बघा. पूर्वी खिशात चाकू असणारा माणूस म्हणजे आंबे राखणारा, कलमं बांधणारा, नाहीतर सरळ गुंड. आता कुणीही असतो. मोबाइल, किल्ल्या, पाकीट आणि चाकू असं टेबलावर नीट मांडून त्याचा फोटो टाकायचा, आणि खाली लोकांनी विचारायचं, मूठ कसली, पोलाद कुठलं. कारखान्यात बनलेले चकचकीत चाकू ह्या लोकांना नको असतात. त्यांना जुन्या वळणाचे हवेत. म्हशीच्या शिंगाच्या मुठीचे, माशाच्या आकाराचे पितळी, कलमाचे. माझ्या धाकट्या भावाच्या गटात खोपोलीचा एक रिक्षावाला आहे, एक दातांचे डॉक्टर आहेत, आणि निवृत्त झालेले एक रेल्वेवाले आहेत. रविवारी चौक गावातल्या एका हॉटेलात ते जमतात आणि पात्याला खोबरेल लावावं की शिलाई मशीनचं तेल, यावर तावातावानं भांडतात. भाऊ हे सांगायचा तेव्हा मला हसू यायचं. जगात इतक्या गोष्टींवरून माणसं भांडतात, तेलावरून भांडली तर बरंच आहे की.

धाकटा भाऊ म्हणजे संतोष. माझं माहेर कर्जतजवळ, कोंडाणे गावाच्या अलीकडे, राजमाचीच्या डोंगराखाली. आम्ही तिघं भावंडं. थोरला वसंतदादा शेती बघतो, मधली मी, आणि संतोष कर्जतला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. तांब्याच्या केसाएवढ्या बारीक तारा गुंडाळायच्या, म्हणजे हात किती हलका हवा. त्याचा हात तसा होता. लहानपणी माझ्या पायातला काटा तोच काढायचा. दादाला धीर नसायचा.

खोपोलीत एक भांड्यांचं दुकान बंद होत होतं, तिथं संतोषला त्याचा पहिला चाकू मिळाला. धुळीत पडलेला, गंजलेला, शिंगाच्या मुठीला तडा गेलेला. त्यानं तो रात्रंदिवस घासला. मग दुसरा आला, मग तिसरा. त्याच्या घरी गेलं की तो चहाच्या आधी लाकडी पेटी आणायचा. आत हिरवं मखमली कापड, त्यावर ओळीनं निजवलेले चाकू. "ताई, डोळं मिट आनि आवाज ऐक," म्हणायचा. एक उघडायचा, मिटायचा. दुसरा उघडायचा, मिटायचा. "ह्याची स्प्रिंग म्हातारी हाय. हा बघ, कसा तरुन बोलतो." कच्ची कैरी कापली की जुन्या पोलादावर निळसर डाग चढतो, तो त्याला नव्या चमकेपेक्षा सुंदर वाटायचा. मलाही वाटायला लागला होता. आपल्या माणसाला ज्याचं वेड असतं ते आपल्यालाही थोडं लागतंच.

त्यातला एक तो रोज खिशात ठेवायचा. शिंगाच्या मुठीचा, पातं माझ्या मधल्या बोटाएवढं.

धारेची भीती आमच्याकडे कुणाला नव्हती. आई उभा जन्म विळीवर बसली. वाडीवरचे ठाकर कमरेच्या आकडीला कोयता अडकवून बाजाराला येतात आणि त्यांच्या शेजारी बसून आम्ही भाजी निवडतो. कापणीत तर पोरासोरांच्या हातात विळे असतात. दातेरी, चंद्रकोरीसारखे वाकलेले. कुणाला कधी वाटत नाही की ह्या विळ्यानं माणूसही कापता येतो. आणि बोटाएवढ्या त्या चाकूनं आमच्या घराची झोप उडवली.

झालं असं की तात्या गेले. आमच्या वडिलांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांनी जाण्याआधी तोंडानंच वाटणी सांगितली होती. वरचा तुकडा दादाला, खालचा संतोषला, मधे बांध. खळं दादाच्या वाट्याला आलं, पण ते दोघांचं मानायचं असं ठरलं. पहिल्याच पावसाळ्यात संतोष म्हणाला, बांध खाली सरकलाय. दादा म्हणाला, पाण्यानं सरकला असेल, मी सरकवला नाही. संतोष म्हणाला, पाणी बांध फोडतं, उचलून नेत नाही. एवढ्यावर ते थांबते तर बरं होतं. पण पुढच्या उन्हाळ्यात दादानं आपल्या तुकड्याला तारेचं कुंपण घातलं. संतोषच्या शेतातून खळ्याकडे जायची वाट त्या कुंपणात अडकली. तिथं दादानं फाटकासारखं बांबूचं झापड बसवलं आणि ते नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधून ठेवलं.

दोघांचं बोलणं बंद झालं. मग दादा माझ्याशी फोनवर बोलायला लागला.

"शैले, तुला म्हाईत हाय का, तो रामपुरी घेऊन फिरतो."

"अरे रामपुरी कसला? त्याला छंद आहे जुन्या चाकूंचा."

"छंद हाय तर पेटीत ठेव म्हनावं. छंद खिशात कशाला लागतो?"

मी विषय बदलून पोरांची चौकशी केली. त्याचा तो प्रश्न अजून माझ्याजवळच आहे.

दादानं हे फक्त मला सांगितलं असतं तर निराळं. त्यानं ते पारावर सांगितलं, दूध घालायला गेला तिथं सांगितलं. गावात गोष्ट फिरली की तिला पाय फुटतात. कुणी म्हणालं, संतोषकडे पेटीभर हत्यारं आहेत. कुणी म्हणालं, मुंबईच्या लोकांशी त्याचा काहीतरी धंदा आहे. त्या श्रावणात मी माहेरी गेले होते. संतोष ओट्यावर बसून काकडी सोलत होता. दादाची दोन्ही लहान पोरं त्याच्या गुडघ्याला चिकटून उभी होती. काकानं दिलेली फोड ती मिठात बुडवणार, तेवढ्यात आतून सुनंदावहिनी धावत आल्या. दादाची बायको तशी शांत बाई. पण तेव्हा त्यांचा आवाज चिरकला. "इकडं या रं! आधी इकडं या!" त्यांनी पोरांना दंडाला धरून आत ओढलं. फोड खाली पडली. संतोषनं पातं धोतराच्या जुन्या तुकड्यानं पुसलं, चाकू मिटला आणि खाली पडलेली फोड उचलून कोंबड्यांना टाकली.

आई दाराशी बसली होती. ती म्हणाली, "तुझा बाप पन चाकू ठेवायचा कनवटीला. पन त्याला कुनी भ्यालं नाय."

"मंग मला का भ्यातात?" संतोषनं विचारलं.

"तुमी दोघं बोलत नाय म्हनून," आई म्हणाली.

आईचं ते बोलणं त्यानं ऐकलं की नाही, मला ठाऊक नाही. पण त्यानंतर कधीतरी त्याच्यात एक बदल झाला. तो मी कर्जतच्या बाजारात पाहिला. आम्ही नवरात्रासाठी घट आणायला गेलो होतो. अरुंद रस्ता, संतोषची मोटारसायकल कडेला लावलेली, आणि समोरून भाजीचा टेंपो आला. टेंपोवाल्यानं हॉर्न वाजवला, मग शिवी दिली. संतोषनं उजवा हात पँटच्या खिशात घातला आणि टेंपोवाल्याकडे बघत उभा राहिला. बस, एवढंच. टेंपोवाल्याची नजर त्या खिशावर गेली. त्यानं टेंपो मागे घेतला. मग संतोषनं खिशातून हात काढला, तर हातात रुमाल. त्यानं घाम पुसला.

"काय रे हे?" मी विचारलं.

"कुटं काय? रुमाल काढत व्हतो," तो म्हणाला आणि हसला.

माझ्या भावाला मी जन्मापासून ओळखते. ते हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मोटारीच्या तारा गुंडाळून ज्याचा जन्म चाललाय, ज्याला थोरल्या भावानं कधी मोजलं नाही, गिऱ्हाइकांनी कधी साहेब म्हटलं नाही, त्या माणसाला पहिल्यांदा कळलं होतं की आपल्याला बघून कुणी मागे सरकू शकतं. आणि त्याची चव त्याला आवडली होती. घट घेऊन मी मागे बसले, आणि घरी येईपर्यंत माझं लक्ष त्याच्या उजव्या खिशावर होतं.

त्या वर्षी त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली तशी मी त्याच्या मदतीला कापणीला गेले. वाडीवरच्या दोघी बाया घेतल्या होत्या. खालचा तुकडा आम्ही कापून काढला, कापलेल्या भाताची कडपं वाळायला पसरली. वरच्या तुकड्यात दादाची कापणी आधीच उरकली होती. खळ्यावर त्याचं झोडणं चाललं होतं. फळीवर भारा आपटायचा धप्प, धप्प आवाज दिवसभर खाली यायचा. दोन शेतांमध्ये एक तार. तारेच्या अलीकडे मी एका भावाचं भात बांधते आहे, पलीकडे दुसऱ्याच्या बायकोनं डोक्याला फडकं बांधलेलं मला दिसतंय, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळतोय. असलं अवघडलेपण मी परक्याच्या घरीही सोसलं नव्हतं.

भारे बांधायच्या दिवशी सकाळपासून हवा कोंडलेली होती. पान हलत नव्हतं. दुपारी राजमाचीच्या बाजूनं काळं यायला लागलं. वाडीवरची बाई कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाली, "पाऊस येतंय. भारं कुटं न्यायचं?"

संतोष खळ्याकडे बघत होता. कापलेलं भात भिजलं की दोन दिवसांत दाण्याला कोंब फुटतात, हे सांगायची गरज नव्हती. खळं समोर होतं, हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. ओढ्याच्या बाजूनं वळसा घालून जायचं तर पाऊस आधी पोचणार.

"मी दादाला सांगते," मी म्हटलं.

"कुनी कुनाला काय सांगायचं नाय," संतोष म्हणाला. "वाट बापाची हाय."

तो झापडाकडे चालायला लागला. मी डोक्यावरचा भारा टाकून मागे धावले. ठेचा लागत होत्या, भाताचे बुडखे तळपायाला टोचत होते. त्यानं आधी गाठ सोडून बघितली. पावसाळाभर भिजून ती दगड झाली होती. मग त्याचा हात खिशात गेला. खट्. त्या कोंदट हवेत तो आवाज केवढा तरी मोठा झाला. वरचं धप्प धप्प थांबलं.

तो दोरी कापायला लागला. जुनं पोलाद, चांगली धार, पण नायलॉन चिवट. एक पदर तुटला. दुसरा तुटला. तोवर दादा खळ्यावरून पळत आला होता. येताना त्यानं कुडाला खोचलेला विळा उपसला होता.

"हात काढ!"

"पाऊस येतोय, दादा. भारे आत घेऊ दे," मी ओरडले. पण माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

"आधी ते ठेव खाली. चाकू ठेव!"

संतोष वळला. चाकू त्याच्या हातात, पातं उघडं. तो एका अंगठ्यानं चाकू मिटायचा, मी शंभरदा पाहिलेलं. मी त्या आवाजाची वाट बघत राहिले. मिट रे, मिट. आता मिटेल. तो उभा राहिला, दादाकडे बघत. त्यानं चाकू मिटला नाही.

दादाच्या मागून वहिनींची किंकाळी आली. दादाचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्याच पांढऱ्या चेहऱ्यानं त्यानं विळा उचलला. रागानं उचललेला हात आणि भीतीनं उचललेला हात यांत फरक असतो. भीतीचा हात थांबत नाही. मी झापडाच्या फटीतून आत घुसले आणि समोर आलं ते धरलं. दादाचं मनगट धरायचा माझा विचार होता. हातात आलं विळ्याचं पातं.

दुखलं नाही. आधी फक्त गरम लागलं. विळ्याचे दात तळहातात बसले, दादानं झटक्यात हात मागे ओढला आणि ते तळव्यातून, बोटांच्या मुळांतून सरकत गेले. मी हात वर धरला तर रक्त कोपरापर्यंत येऊन चोळीत शिरलं. विळा पडला. संतोषच्या हातातून चाकूही पडला, मातीत, उघडाच.

कुणीच हलेना. मग आई काठी टेकत आली. "पोरगी रक्तात न्हाली," ती म्हणाली, "आनि तुमी देवळातल्या खांबावानी उभं काय?"

तेव्हा दादा हलला. त्यानं खांद्यावरचा पंचा ओढला, दातांनी फाडायला गेला, फाटेना. त्यानं खाली बघितलं. वाकून मातीतला चाकू उचलला. सहा महिने ज्याच्या नावानं तो गावभर सांगत फिरला होता, ते पातं त्यानं स्वतःच्या लेंग्याला पुसलं, पंच्याची किनार कापली, पट्ट्या काढल्या आणि माझा हात गुंडाळला. पट्टीची दोन टोकं त्यानं धरली आणि गाठ संतोषनं बांधली. त्या गाठीवर दोघांची बोटं एकत्र आली.

संतोषनं मोटारसायकल काढली. मधे मी, मागे मला धरून दादा. आम्ही कर्जतला निघालो. पलीकडल्या डोंगरावर पाऊस सुरू झालेला दिसत होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणून एक तरुण मुलगी होती. माझ्या विद्यार्थिनीसारखी. तिनं पट्ट्या सोडल्या, हात धुतला, बोटं एकेक वाकवायला लावली. दोन वाकली नाहीत.

"कशानं लागलं?"

"विळ्यानं. भात कापताना."

"ह्या दिवसांत विळ्याचे पेशंट रोज येतात," ती म्हणाली. "पण सगळ्यांचा डावा हात असतो. उजव्यात विळा असतो ना. तुमचा उजवा कसा?"

दारात माझे दोघं भाऊ उभे होते. एकाच्या लेंग्यावर रक्त, दुसऱ्याच्या शर्टावर.

"मी डावखुरी आहे," मी म्हटलं.

तिनं टाके घातले. नंतर सहीसाठी एक कागद पुढे केला आणि पेन माझ्या डाव्या हातात दिलं. मुलांचं अक्षर वळवण्यात माझी वीस-पंचवीस वर्षं गेली. फळ्यावरचं माझं अक्षर बघायला तालुक्याचे साहेब आले होते एकदा. त्या डाव्या हातानं मी 'शैला' लिहिलं. श वाकडा पडला, मात्रा दोन ओळी वर गेल्या, ला कागदाबाहेर. पहिलीतल्या पोरानंही बरं लिहिलं असतं. ती ते बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"ह्यांना बाहेर थांबायला सांगू का?" तिनं हळूच विचारलं. "काही सांगायचंय तुम्हाला?"

"नाही. भाऊ आहेत माझे."

"ते मी ओळखलं," ती म्हणाली. "म्हणूनच विचारते."

मी पुन्हा नाही म्हटलं. तिनं कागद उचलला. जाताना ती दाराशी दोघांसमोर क्षणभर थांबली. दादा त्या मुलीच्या नजरेखाली भिंतीला टेकला आणि तिथंच खाली बसून लहान पोरासारखा रडला. "मला वाटलं आता हा मारतो," एवढंच म्हणत राहिला. "शपथ घेऊन सांगतो, मला वाटलं आता मारतो."

संतोष माझ्या शेजारी येऊन बाकावर बसला.

"ताई, मी मिटनार व्हतो."

"मग मिटला का नाहीस?"

त्यानं शर्टावरचा रक्ताचा डाग नखानं खरवडला. "दादा भ्याला व्हता," शेवटी म्हणाला. "जन्मात पयल्यांदा भ्याला व्हता मला. जरा बघू वाटलं."

मी त्याला थोबाडीत दिली असती. देणारा हात बांधलेला होता.

परतलो तेव्हा पाऊस कोसळून गेला होता, पागोळ्या गळत होत्या. झापड सताड उघडं. दोरीचा तुकडा वाटेत पडलेला. खळ्यावर कडेला संतोषचे सगळे भारे रचून त्यावर ताडपत्री ओढलेली, कोपऱ्यांवर दगड. सुनंदावहिनी आणि वाडीवरच्या बाया ओल्याचिंब, चुलीपुढे बसून चहा पीत होत्या. संतोष भाऱ्यांजवळ गेला, ताडपत्रीखाली हात घालून बघितलं. कोरडं होतं. वहिनींनी कप पुढे केला. "घ्या भावजी. निवंल."

भांडण मिटलं असं मी सांगणार नाही. झोडणी एकाच खळ्यावर झाली, दोघं एकमेकांशी न बोलता एका फळीवर भारे आपटत होते. एकाचा वर गेला की दुसऱ्याचा खाली. आई तेवढ्यावरच खूश होती.

भाऊबिजेला दोघं लोधिवलीला माझ्या घरी आले. दरवर्षी वेगवेगळे यायचे, त्या वर्षी एका गाडीवरून आले. पाट मांडले. माझा उजवा हात गळ्यात. मी डाव्या हातानं ताट उचललं तशा सासूबाई म्हणाल्या, "अगं, डाव्या हातानं ओवाळतात का कुठं? नातीला ओवाळू दे."

"ओवाळू द्या मावशी," दादा पाटावरून म्हणाला, अगदी सरळ चेहऱ्यानं. "ती डावखुरीच हाय."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. संतोषनं मान खाली घातली होती, त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता की रडत होता, मला त्याच्या कपाळाला कुंकू लावतानाही कळलं नाही.

याला दोन वर्षं झाली. माझी दोन बोटं पुरती मिटत नाहीत. खडू मी तीन बोटांत धरते, अक्षर पूर्वीचं राहिलं नाही. संतोषची पेटी अजून आहे, चाकू वाढलेत, रविवारची मंडळीही वाढलीत. मी एकदा त्या हॉटेलात गेले होते. साधी माणसं. एक आजोबा रुमालात गुंडाळलेला कलमाचा चाकू असा काढत होते, जणू आत निजलेलं पोर आहे. त्यांना बघून कुणाला भीती वाटणार? मला वाटली. प्रत्येकाच्या मागे मला एक घर दिसत होतं, आणि त्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, हे मला विचारावंसं वाटत होतं. खिशात ठेवणं आपण बंद केलं, असं संतोष सांगतो. मी विश्वास ठेवते. आणि तो आला की पहिल्यांदा खिसा बघते.

काल संध्याकाळी दादाचा फोन आला. मागे कापणीवाल्यांचा गलबला ऐकू येत होता.

"बांधाची मोजनी लागली. शनवारी सरकारी मानूस येनार हाय."

"अर्ज कुणी केला?"

"आमी दोघांनी." मग म्हणाला, "तू ये."

"मी येऊन काय करू दादा? मला मोजणीतलं काय कळतं?"

"काय करू नको. नुस्ती उभी रहा. बांध वर निघाला तर मी तापनार. खाली निघाला तर तो तापनार. म्हनून."

फोन ठेवते तोच संतोषचा आला.

"दादानं सांगितलं का गं, ताई?"

"सांगितलं."

"मी हात हलवत येनार हाय. खिसं रिकामं. त्याला सांग तसं."

"तूच सांग ना त्याला."

पलीकडे कुत्रं भुंकलं, कुणाची तरी गाडी गेली. मला वाटलं, फोन कट झाला.

"सांगतो," तो म्हणाला.

तरी शनिवारची रजा मी आज सकाळी टाकली.